एक सूत जास्त

फ्लेक्स आधी लागला, निर्णय नंतर.
इंद्रजितदादानं रातोरात छापून आणला, दहा बाय आठ,
माझा पासपोर्ट फोटो ताणून ताणून गाल रुंद झालेले,
खाली, 'गल्लीची वाघीण निघाली दिल्लीला',
कोपऱ्यात 'नाद खुळा', आणि शुभेच्छुकांचे अकरा चेहरे,
त्यातल्या तिघांनी मला कधी बघितलेलंही नाही.

दिल्लीला मी दोन दिवस राहून आले होते.
कॉरिडॉर इतके शांत की माझी चप्पल करकरली
तेव्हा दोघांनी वळून पाहिलं.
मुलाखत घेणारे सर भले होते. म्हणाले,
गवत? छान. पण आम्ही इथं एकाच रोपट्यावर काम करतो,
वीस वर्षं, कपाटात, ठरावीक उजेडात.
तूही शिकशील. सगळे शिकतात.
खोटं कशाला बोलू,
फाटकावरच्या नावाखाली मी पाच सेल्फी काढले
आणि पाचही अजून ठेवलेत.

इकडं शिरोळकर मॅडम.
गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग,
मसाईच्या सड्यावर पालथ्या पडलेल्या,
एक कणीस माझ्यापुढं धरून म्हणाल्या,
"हे मला ओळखता येईना गं. तुला येतंय का बघ."
पन्नाशी ओलांडलेली बाई, एकवीस वर्षांच्या मुलीला.
वारा असा की उत्तर दिलं असतं तरी पोचलं नसतं.
मी भिंग डोळ्याला लावलं.
कुसळाला पीळ होता.

"भ्यालीस व्हय?" आत्यानं विचारलं, कांदा चिरता चिरता.
असेन. थोडी भ्याले असेन.
रात्री दोनला मी भीती वेगळी काढून बघितली,
चिमट्यानं, कागदावर,
भीती एवढी, गवत एवढं.
गवत जास्त भरलं,
पण काटा बराच वेळ हलत होता.

पप्पा फौंड्रीसाठी पॅटर्न बनवतात, सागवानाचे.
त्यांच्याकडं एक पट्टी आहे, मुद्दाम खोटं बोलणारी,
तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत जास्त.
बीड निवताना आक्रसतं,
म्हणून लाकूड तेवढं मोठं धरायचं.
उद्यमनगरात हे शेंबडं पोरही सांगेल.

दोन्ही पत्रं मी त्यांच्या बेंचवर ठेवली, भुशात.
त्यांनी दिल्लीचं वाचलं नाही,
कागद नुसता बोटांनी चाचपला. जाड होता.
"तिथं गेल्यावर किती आक्रसशील
तेवढं सांग," म्हणाले,
"बाकीचं लोकांना मी सांगतो."

"सुतात नाही सांगता येणार, पप्पा. बरंच."

त्यांनी रंधा परत हातात घेतला.

दादा तीन आठवडे बोलला नाही.
मी सागरमाळ चढून विद्यापीठात जायला लागले,
आणि वाटेत कुणीतरी भेटतंच,
"काय गं, नंबर लागला नाही?"
"लागला होता."
या 'होता'वर अख्ख्या कोल्हापुरात
कुणाचा विश्वास बसत नाही.
कधी कधी माझाही.

आता भाद्रपद संपत आलाय.
फ्लेक्स मसाईवर अंथरलाय, छापील बाजू खाली,
पांढरी वर, चारी कोपऱ्यांवर जांभ्याचे दगड.
त्यावर आजची गवतं मांडलीत ओळीनं,
पवना, कुसळी, मारवेल,
आणि शेवटी ते एक, अजून बिननावाचं.
अकरा शुभेच्छुक गप्प, दगडाला गाल लावून.

"खाली काय छापलंय गं?" मॅडम विचारतात.
"वाघीण."
"बरं," त्या म्हणतात,
"पाय उचल. मारवेलवर उभी आहेस."