गळ

रबाळे, गाळा नंबर सतरा. दुपारचे तीन.
पेडणेकरांचा मेल: ‘बिल जोडलंय, लगेच उघडा.’
पेडणेकर आणि लगेच?
ते तर ‘सवडीने पाहावे, कळावे’वाले.

मजकुराखालची वाकडी पिन
कुंदाला गळासारखी दिसली,
ऐरोलीच्या खाडीकाठी बाबा घासत बसायचे, त्या.

फोन लावला.
‘मी? छे गं, मी काही नाही पाठवलं.
रिटायर होऊन आठ महिने झाले.
पण बरं झालं बोललीस,
गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय.’

मग वीस मिनिटं गुडघा,
मग दिवाळ्याच्या बाजारात कोळंबी काय भावानं.

फाइल तिथंच, बंद.
कुंदानं ती पुसायच्या आधी
क्षणभर पाहिली,
आमिष हुंगून वळलेलं बोईट
पाहत असेल तशी.