श्वास धरा

दिवसभरात मी तीनच वाक्यं बोलते.
श्वास घ्या. धरा. सोडा.
त्बिलिसीतल्या या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
परदेशी निघालेल्यांच्या छात्या
माझ्या पडद्यावर उमटतात
आणि सातासमुद्रापलीकडच्या कुणा साहेबाकडे जातात.

मंगळवारी वाझा आला, चियातुराचा.
वय एकाहत्तर. प्रायोजक : मुलगी, हॅमिल्टन, कॅनडा.
एकतीस वर्षं मँगनीजच्या खाणीत,
त्यातली शेवटची चार बिनपगारी,
हे फॉर्ममध्ये नाही,
शर्टाची बटणं काढता काढता सांगितलं.

'पूर्वीचे आजार' या ओळीला जागा बोटभर.
त्याने मधुमेह लिहिला, रक्तदाब लिहिला,
मग पेन थांबवून विचारलं,
सत्याऐंशी सालचा क्षयही धरायचा का?
तेव्हाचा देशसुद्धा आता राहिला नाही.

मुलगी फोनवर होती. तिकडे पहाटेचे चार.
बाबा, सगळं सांगा. लपवलं तर जास्त वाईट.

प्लेट गार होती. खांदे आखडले.
हनुवटी वर. श्वास घ्या. धरा.

उजव्या फुप्फुसाच्या शेंड्याला जुना व्रण,
मुरलेला, चुन्यासारखा पांढरा,
आणि खाली सगळीकडे बारीक ठिपके,
डोंगर आत जाऊन बसला होता
बाहेरची वाट विसरून.

मी बघतच राहिले.
मग ध्यानात आलं, 'सोडा' म्हणायचं राहिलं.
म्हातारा तसाच उभा, डोळे मिटून,
ओठ निळसर, आज्ञाधारक.

सोडा. अहो, सोडा.

खोकला थांबल्यावर म्हणाला,
ते म्हणे हिशेब मांडतात,
पाच वर्षांत हा माणूस औषधपाण्याला
सरकारला केवढ्याला पडेल त्याचा?
मी म्हटलं, मांडतात. इथे नाही, तिकडे.
मग जमेच्या बाजूला काय धरतात?
मी रोज अकरा वॅगन भरायचो.

याचं उत्तर माझ्या तीन वाक्यांत नव्हतं.

'अधिक तपासणी आवश्यक'
या चौकटीत डॉक्टर केतेवाननी खूण केली.
तीन सकाळी थुंकी, उपाशीपोटी,
मग आठ आठवडे उबेत ठेवून
काही उगवतंय का ते पाहायचं.
ही एकच पेरणी,
जिच्यात काही उगवू नये म्हणून माणसं नवस बोलतात.

दुसऱ्या दिवशी थुंकीच्या डबीबरोबर
त्याने कोवळ्या अक्रोडांच्या मुरंब्याची बरणी आणली.
लाच नाही, म्हणाला. बायकोच्या हातची शेवटची.
मला साखर चालत नाही,
आणि विमानात कोण नेऊ देणार?
बरणी तेवढी परत द्या, झाकण घट्ट बसतं.

तिसऱ्या दिवशी तो सकाळीच येऊन गेला.
माझी ड्यूटी दुपारची होती.

निकाल आम्हाला कुणी कळवत नाही.
छात्या जातात. माणसं जातात, किंवा जात नाहीत.
मध्ये एकदा पडद्यावर तसाच डोंगर दिसला,
मी नाव वाचलं, दुसरंच होतं,
त्याच गावचं.

मुरंबा आम्ही सगळ्यांनी मिळून संपवला.
बरणी धुऊन खिडकीत ठेवली आहे.
झाकण खरंच घट्ट बसतं.
उघडलं की अजून लवंगेचा वास येतो,
म्हणून मी फारसं उघडत नाही.