वजन

जुलैतल्या पहिल्याच तासाला दलालमॅडमनी सांगून टाकलं:
पंचवीस वनस्पती. मुळासकट.
दाबून, वाळवून, जाड कागदावर दोऱ्याने शिवून.
डिंक लावलेला मला दिसतो.
आणि कामाठीबागेत माळ्याने पकडलं
तर मी सोडवायला येणार नाही.

रोल नंबर एक्केचाळीस, मोहिते शर्वाणी.
हाजर.

सकाळी आठला जेनेटिक्स.
वाटाणे, गोल आणि सुरकुतलेले,
तीनास एक, तीनास एक,
मागच्या बाकावर हितार्थ झोपलेला, तोंड उघडं.
नऊला सांख्यिकी. तिच्याबद्दल
माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही.
दुपारी कांद्याची मुळं, काचपट्टीवर अंगठ्याने चिरडलेली.
बोटांवरचा लाल डाग तीन दिवस जायचा नाही,
आई म्हणायची, कुणाच्या लग्नाला गेली होतीस?

लाकडी प्रेस मिळत होता साडेसातशेला.
बाबा म्हणाले, गादी आहे की.
खताच्या कारखान्यात रात्रपाळी करून
ते सकाळी सातला घरी येत,
चहा पीत, आंघोळ करत,
आणि माझ्या वनस्पतींवर झोपत.

शेजाऱ्यांकडून आणलेली गुजराती वर्तमानपत्रं,
त्यांच्या घडीत आघाडा,
टाकळा, एकदांडी, गोखरू.
गोखरूच्या रात्री, म्हणजे दिवशी,
बाबा दोनदा उठले
आणि काही बोलले नाहीत.

आघाडा आईच्या पत्रीतलाच होता,
गणपतीच्या आदल्या दिवशी मंडईतून आणलेला.
मी म्हटलं, मला मूळ हवंय.
ती म्हणाली, देवाला मूळ लागत नाही,
तुझ्या मॅडमना बरं लागतं.
जिज्ञासा त्याला अघेडो म्हणते.
वहीत तो अकायरँथिस आस्पेरा,
खाली प्राप्तिस्थान, तारीख,
आणि संग्राहक या शब्दापुढे
माझं नाव, काळ्या शाईत.
हॉल तिकीट सोडलं
तर मी कुठेच इतकी छापील वाटले नव्हते.

विश्वामित्रीच्या काठाचं काहीच मिळालं नाही.
मगरी आहेत, खाली उतरायचं नाही,
असं बाबांनी शपथ घालून सांगितलेलं.
पुलावरून मी नुसती बघायची
हिरवं, ज्याला मला नाव देता येणार नव्हतं.

ऑगस्टभर बुरशी.
रोज कागद बदलायचे.
बाबा कूस बदलतात तेवढ्यात
एक बाजू उचलून ओढून घ्यायचा गठ्ठा.
झोपेतच विचारायचे, आज कोण आहे खाली?
रुई, बाबा.
चीक लागेल का चादरीला?
नाही.
लागला.

ऑक्टोबरात अकरा दिवस ते सयाजी हॉस्पिटलात होते.
तिसरा मजला, खिडकीजवळ.
माझी हजेरी बहात्तर टक्क्यांवर आली,
पंचाहत्तर लागते.
हितार्थने तीन वेळा माझ्या नावाला हाजर म्हटलं,
मुलीचा आवाज काढून,
आणि अख्ख्या वर्गाने खोकून ते झाकलं.
ते अकरा दिवस गादीवर मी ठेवलं
शिलाई मशीन, डालड्याच्या डब्यात भरलेली वाळू,
शब्दकोश, आईचा वरवंटा.

नोव्हेंबरात आणंदहून परीक्षक आले.
एकेक शीट उलटत गेले, मान हलवत,
एकोणीस, वीस,
मग थांबले.
पानं आखडलेली, कडा वळलेल्या,
एका पानाची तर मूठच झालेली.
आ चार आवा केम?
दलालमॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.
मी म्हटलं,
वजन ओछुं पड्युं, सर.
त्यांनी पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.
वीसपैकी सतरा.

बाबा परवापासून दिवसपाळीला जातात,
डॉक्टरांनी सांगितलंय.
रात्री सगळ्यांसारखे झोपतात,
म्हणजे आडवे होतात.
काल एक वाजता पाणी प्यायला उठले तेव्हा
मी सांख्यिकीची बॅकलॉगची गणितं करत होते.
म्हणाले, गादी फार सपाट झालीय गं.
पुढच्या सेमिस्टरला काय आहे?

शेवाळं, मी म्हटलं.
ती बाटलीत ठेवतात.