उपभोग्य वस्तू

पुस्तिकेच्या एकतिसाव्या पानावर, तळाला,
मुंगीएवढ्या अक्षरांत यादी आहे.
कंगवा, टूथपेस्ट, पावडर, सपाता,
आणि मग: डायपर, कोणत्याही प्रकारचे.
वर मथळा: उपभोग्य वस्तू.

उपभोग.
मी तो शब्द दोनदा मनात वाचला,
तिसऱ्यांदा मोठ्याने.
आप्पा मोरीच्या दारात उभे होते,
ओल्या लुंगीचा घोळ एका हाताने पुढे धरून,
पाव्हण्यांची वाट बघत असल्यासारखे.

चव्वेचाळीस वर्षं उद्यमनगरात लाकडी पॅटर्न केले त्यांनी.
पंपाचे, चरकाचे, ऑइल इंजिनाच्या चाकाचे.
ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून पॅटर्न नेहमी थोडा मोठा धरायचा.
त्याला ते सूट म्हणायचे.
सूट इसरला त्यो कारागीर न्हवं.

प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, कंपनीने पैसे दिले.
नळीचे दिले. नळीला लोंबणाऱ्या पिशवीचेही दिले.
नळी काढल्या दिवसापासून जे वाहतं
त्याचे नाहीत.

फोनवरची मुलगी गोड बोलत होती.
मॅडम, ही वस्तू उपचारात मोडत नाही.
मग कशात मोडते?
ती थांबली. तिच्या मागे कुणीतरी हसत होतं,
वेगळ्याच कशाला तरी.
स्वच्छतेत, ती म्हणाली.
मी तिचं नाव लिहून घेतलं, तक्रारीला लागतं म्हणून.
मग खोडलं.

नेजदार एजंट येऊन चहा पिऊन गेला.
रायडर घ्यायला पायजे होता ताई, वर्षाला थोडेच जास्ती.
त्यात हे बसलं असतंच असं न्हाई,
पण इचारता आलं असतं.
जाताना कॅलेंडर दिलं.

दहाचं पाकीट साडेचारशेला. दिवसाला तीन, थंडीत चार.
लक्ष्मीपुरीतला दुकानदार न सांगता वर्तमानपत्रात गुंडाळतो,
मग काळी पिशवी, मग तिला गाठ.
तेराव्या वर्षी माझंही पाकीट असंच गुंडाळलं होतं त्याच्या बापाने,
आणि आप्पांनी रस्त्याकडे बघत पैसे मोजले होते.
आता रस्त्याकडे मी बघते.

काल आप्पांनी पुस्तिका मागितली.
भिंग घेतलं, कानामागची पेन्सिल काढली.
ड्रॉइंग वाचावं तशी वाचली,
कुठे भोक, कुठे गाभा, कुठून किती.
दोन तास. आई मध्येच डोकावली,
मी जेवतो बाबा, तुमचं चालू द्या.
एकतिसाव्या पानाच्या समासात
त्यांनी एक बारकी उभी रेघ मारली
आणि शेजारी लिहिलं: सूट न्हाई.

कुणी काढलंय हे?
मी म्हटलं, मुंबईत कुणीतरी.
तरणा असंल, ते म्हणाले,
आणि पेन्सिल परत कानामागे.

तक्रारीचा अर्ज अर्धा लिहून झालाय.
डॉक्टरांचं पत्र आहे, बिलं आहेत, गाठ सोडलेली, सरळ केलेली.
'वस्तूचा उपयोग' या रकान्यापाशी अडले आहे.

आज संध्याकाळी आपणहून म्हणाले, रंकाळ्यावर जाऊन येऊया.
पाच महिन्यांनी.
मी पिशवीत पाण्याची बाटली, जुना पेपर
आणि पेपराखाली एक डायपर ठेवला.
पायरीवर पायाने चप्पल चाचपत
माझ्याकडे न बघता ते म्हणाले,
आनि एक घे जादा.