ग्रासियास म्हणायचं नाही

गावाचं नावच आकडा : तेहेतीस.
ओलिमार नदीच्या काठी, भाताच्या गिरण्यांच्या धुरळ्यात.
कोण किती वाजता बेकरीत गेलं
तेसुद्धा इथे सगळ्यांना ठाऊक असतं.
दार्दोचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.
मलाही नाही. मी त्याची बहीण.

पहिल्या आठवड्यात घर माणसांनी भरलं.
तिसऱ्या आठवड्यापासून बेकरीतली बाई
सुटे पैसे हातावर न देता
काउंटरवर ठेवू लागली.
पाद्री 'अपघात' म्हणाले, मायेनंच म्हणाले.
आईनं तो शब्द धरलाय
गर्दीत पोर बोट धरतं तसा.

दुकानात अजून सात सायकली.
प्रत्येकीला त्याच्या अक्षरातली चिठ्ठी :
मागचा ब्रेक. पंक्चर दोन्ही.
घंटा नवी, पोरगी सांगेल तो रंग.
न्यायला कुणी येत नाही. लाजत असतील.
मीही शटर उघडलेलं नाही.

मग नेलिदाबाई आल्या,
शाळेत मला भूगोल शिकवायच्या.
"बुधवारी, ग्रंथालयामागच्या खोलीत.
बोलायलाच हवं असं नाही. खुर्ची असते."
अठरा वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा.
तेव्हा खुर्चीही नव्हती.

खोलीत येर्बाची एकच वाटी, एकच नळी,
कडू घोट हातोहात फिरत असतो.
ओतणाऱ्याला 'ग्रासियास' म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत.
म्हटलं, तर त्याचा अर्थ :
पुरे. आता मला नको.

त्या रविवारी दार्दो
पहिल्याच वाटीला म्हणाला, ग्रासियास.
एरवी थर्मास रिकामा करणारा माणूस.
"पोट बिघडलंय का रे?" मी विचारलं.
तो हसला.
मी ताटल्या विसळायला घेतल्या.

हे मी पाचव्या बुधवारी सांगितलं.
'तुझी काय चूक' असं कुणी म्हणालं नाही,
बरं झालं.
रूबेन म्हणाले, बायकोनं त्याच आठवड्यात
टोमॅटोची रोपं मागवली होती.
"रोपं बघून मी निर्धास्त."
मिरेया एकोणीस वर्षांची. तिचे वडील
त्या दिवशी 'नीट जा' म्हणाले होते.
रोजच म्हणायचे.

बऱ्याच वेळानं नेलिदाबाई म्हणाल्या,
"ती खूण आज आहे, झुल्मा.
तेव्हा तो नुसता रविवार होता."
मला हे पटलेलं नाही.
एखाद्या मंगळवारी पटतं,
भांडी घासताना पुन्हा जातं.

वाटी माझ्यापाशी आली. पाणी कोमट झालेलं.
प्यायले. काही न बोलता परत दिली.
फिरून पुन्हा आली.

शनिवारी रूबेन येणार आहेत शटर उचलायला.
त्यांना ब्रेक जमतात म्हणे, पंक्चरही.
घंटेचा रंग तेवढा
त्या पोरीला जाऊन विचारावा लागेल.