हरकतींची वही

सुनावणी अकराची. साहेब पाऊण वाजता आले.
तोवर मी पानांवर रेघा ओढून घेतल्या :
अनुक्रमांक, नाव, पत्ता, हरकत (थोडक्यात).
शेवटचा रकाना दोन बोटं रुंद.

पहिले उठले नरसय्या बोद्धूल, भवानी पेठ.
टॉवेलचे माग भंगारात घालून
उड्डाणमार्गाखाली चहाची गाडी लावलेला माणूस.
म्हणाले, खांब एकेचाळीसला भेग आहे.
पहिल्या वर्षी नख जायचं,
आता पाचाचं नाणं जातं.
मी टाकून बघतो अधूनमधून.
पडल्याचा आवाज येत नाही.
लिहिलं : भेगेबाबत.

मग रफिक बागवान, रिक्षा स्टँड.
बसा आल्या तीस, थंडगार, काचबंद,
आणि रेल्वेच्या पुलाखाली वीतभर उंच निघाल्या.
"पूल तर आधीपासून तिथंच हाय की ओ साहेब,
का रातोरात बुटका झाला?"
सभागृह हसलं. साहेबही हसले.
लिहिलं : उंचीबाबत.

हत्तरकी सर चौथीपासूनचं गणित घेऊन आले होते.
मूळ खर्च, सुधारित खर्च, पुन्हा सुधारित.
पाठकोऱ्या पत्रिकेवर भागाकार मांडून म्हणाले,
एका मीटरला दोन खोल्यांचं घर पडतं.
आणि बाकी उरते ती कुठं लिहायची?
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी रकान्याकडे.

मग माईक गेला. पंखाही.
चव्वेचाळीस अंशात तीनशे माणसं
एकाच वेळी खरं बोलायला लागली.
एक चप्पल आली, भिरभिरत,
आणि नकाशावर उतरली, बरोबर शेवटच्या स्थानकावर.
डाव्या पायाची. अंगठा दोनदा शिवलेला.
कोणाची? कोणाचीच नाही.
शिपायानं ती पंचनाम्यासारखी टेबलाच्या कडेला ठेवली.

गर्दी पांगल्यावर एक बाई आली, एक पाय अनवाणी.
बालामणी इराबत्ती, विडी कामगार, घरकुल.
"द्या की ती. घरापर्यंत चालायचंय,
तुम्ही आमची सात नंबर बंद केली."
साहेब उठलेच होते, पुन्हा बसले.
तुमची हरकत काय, बाई?

ती आधी तेलुगूत काहीतरी म्हणाली, स्वतःशी.
मग म्हणाली, नव्या थांब्याला पत्रा चांगला टाकलाय.
बस येत नाही तिथं, म्हणून सावली कोणी मोडत नाही.
आम्ही पाचजणी पानं कापायला बसतो,
फडकं ओलं राहतं दुपारपर्यंत.
सगळं पाडायचं म्हणतेत लोक.
पाडा. तेवढा पत्रा ठेवा.

ही हरकत, की सूचना?
साहेबांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.
"आणि सात नंबर बंद करताना
अशी वही का नाही मांडली?"

मांडली होती, बाई.
जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत,
सगळं सोलापूर होम मैदानावर पाळण्यात असताना
आतल्या पानावर चार ओळींची नोटीस निघाली होती.
मुदत सात दिवस.
आठव्या दिवशी फायलीत एक वाक्य पडलं :
हरकत नाही.
अक्षर वळणदार आहे. माझं आहे.

चप्पल पायात सरकवून ती गेली.
शेवटचा रकाना मी कोरा सोडला,
सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

सहाला सुटलो. चालतच.
एकेचाळीसपाशी कोणी बघत नाही असं बघून
नाणं सोडलं भेगेत, कान लावला.
सिमेंट अजून तापलेलं होतं.

पाठीमागे नरसय्या चहा गाळत होते.
किती टाकले?
पाच.

गाळणं आपटत म्हणाले,
लिहून ठेवा.