थाळनेर, तीस सेकंद

सूर्य आमच्यासाठी थांबला नाही.
शिरपूरच्या नाक्यावर भटूच्या गाडीचं पेट्रोल संपलं,
आणि थाळनेरला पोचलो तेव्हा
तापीत फक्त तांबूस कड उरली होती,
कढईच्या बुडाला तूप उरतं तेवढी.
"ही नदी मावळतीलाच जाते ना," कामिनी म्हणाली,
"गाठेल त्याला. आपण थांबू."

कॅमेरा मुजीबच्या मोठ्या भावाचा.
उद्या दहाला दोंडाईच्यात हळद,
त्याआधी तो पुसून, पिशवीत, जागच्या जागी हवा.
तिपाईचा एक पाय सुतळीनं बांधलेला.
रिमोट नाही,
म्हणून मी बटण दाबून धरायचं, श्वाससुद्धा बेतानं घ्यायचा,
आणि कामिनीनं मोठ्यानं मोजायचं.
बालवाडी शिकवते ती;
वीसच्या पुढं आकड्यांना आपोआप चाल लागते.

आधी हजिऱ्याचा घुमट. वर मृग, तिरका.
डोळ्यांना शंभरेक तारे दिसत होते,
काचेत उतरले ते मोजवेनात.
"इथं राजे झोपलेत," मुजीब म्हणाला,
"आमचे आजे-पंजे पलीकडं, बाभळीत.
त्यांचा कोण काढणार?"
मग तिपाई तिकडं नेली.
बाभळी हलल्या.
कबरी नीट आल्या.

भटू मोटारी रिवाइंडिंग करतो, तार त्याच्या बोटांत असते.
अंधारात टॉर्चनं त्यानं स्वतःचं नाव लिहिलं,
आमच्याकडं तोंड करून, उलटं, बिनचूक.
पडद्यावर आलं: मटू.
हसून हसून मुजीब खाली बसला.
रेघ तोडायची तर मध्ये उजेड विझवावा लागतो,
हे भटूला तेव्हा कळलं, आणि मला
अजून पुरतं कळलेलं नाही.
लिहिणारा मात्र फोटोत कुठंच नव्हता.
जो हलतो तो येत नाही, एवढाच नियम.

"कोन शे रे तठे?"
केळीच्या बागेतून बॅटरीचा झोत, मागून काठी,
त्यामागून कानटोपी घातलेले उखा आबा.
"काय करी ऱ्हायनात?"
"फोटो काढी ऱ्हायनूत, आबा."
"अंधारना?"
याला आमच्यापैकी कुणाकडंच उत्तर नव्हतं.

मग त्यांनाच उभं केलं.
काठी पुढं, छाती वर,
ओळखपत्रासाठी बसतात तसा चेहरा.
"हालू नका आबा, तीसपर्यंत."
कामिनी मोजू लागली. अठराला लाइट आली,
बागेत मोटार खोकून सुरू झाली,
आणि आबांची मान वळली, वळलेलीच राहिली.

पडद्यावर दोन तोंडं आली.
एक आमच्याकडं, विरळ, मागची केळीची पानं त्यातून दिसतायत.
एक पाण्याकडं.
आबांनी टोपी काढली. बॅटरी विझवली.
"आनी हाऊ दुसरा कोन शे?"
तुम्हीच, आम्ही म्हणालो.
खूप वेळ बघत राहिले.
"मना भाऊनामायेक दिखस," म्हणाले,
आणि बारं धरायला निघून गेले.
जाताना कुणाला हाकललं नाही.
परत आले ते ओंजळभर भाजलेल्या शेंगा घेऊन,
तेव्हाही भावाचं काही बोलले नाहीत,
आम्ही विचारलं नाही.

पहाटे दव इतकं पडलं की भिंग आंधळं झालं.
मुजीबनं ते शर्टाच्या आतल्या बाजूनं पुसलं,
भावाला कळू नये अशा बेतानं.

कार्ड रिकामं करायचं तेवढं राहिलं.

आता दोंडाईच्याच्या त्या अल्बमात,
हळदीनं माखलेल्या मामा-मावश्यांच्या नंतर,
कानटोपीवाला एक माणूस उभा आहे,
दोन तोंडांचा, डोक्यावर अख्खं आभाळ.
मुलीकडचे समजतात, मुलाकडचा असेल.
मुलाकडच्यांनी, म्हणे, त्याची मोठी कॉपी मागवलीय.